अर्ध्यावर थांबणारे सिनेमे

धाकटीचे सिनेमे अर्ध्यावर थांबतात, हे आता तिच्या नावाला कायमचं चिकटलं होतं. कुणी दार उघडायला हात पुढे करतं, कुणी "खरं सांगू का" म्हणतं, आणि पडदा काळा. पहिल्या वेळी प्रेक्षक वैतागले. मग परीक्षकांना त्यात काहीतरी थोर दिसलं, बक्षीस मिळालं, आणि तेच वैतागलेले लोक माना डोलवायला लागले. पटकथा तिची, दिग्दर्शनही तिचंच, त्यामुळे कौतुकात कुणी वाटेकरी नव्हतं. मानचिन्हांनी कपाट भरून गेलं.

खरं काय ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या गोष्टी ताईच्या होत्या. लहानपणी दोघी एका अंथरुणात झोपायच्या आणि ताई झोपेत बरळायची. तेही कसं, तर त्यात माणसं असायची, रुसवेफुगवे असायचे, धक्क्यावर बोट चुकलेली बाई भलत्याच घरात जाऊन राहायची. झोपेत बोलणाऱ्याला जागं केलं की त्याचं बोलणं कायमचं जातं, असं धाकटीने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून ती श्वास रोखून पडून राहायची, हूं की चूं नाही. मग ताई मध्येच गप्प व्हायची आणि गोष्ट तिथेच राहायची.

ही पुंजी आता संपली होती. नवा सिनेमा दोन बहिणींचा होता आणि आपला हा शेवटचा, हे धाकटीला कळत होतं. या एकाला तरी शेवट हवा होता. चित्रीकरण तोंडावर आलेलं, नट रोज विचारत होते आणि शेवटचं पान कोरं होतं. तेव्हा विश्रांतीचं निमित्त काढून ती ताईकडे आली. ताई दुपारी लवंडली की काहीतरी बरळेल, एवढीच तिची वेडी आशा होती. पुरस्कारवाल्या बाईंना हे शोभत नव्हतं, पण गरजवंताला कसली लाज?

जेवणं झाल्यावर दोघी शेजारी शेजारी आडव्या झाल्या. पंखा सावकाश फिरत होता. खिडकीतल्या पाण्याच्या तांब्यावरून ऊन छतावर पडलं होतं आणि हलत होतं. खोलीला नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास होता. धाकटीने डोळे मिटले आणि वय कुठल्या कुठे गेलं.

ताई काही बोलेना.

"ताई," शेवटी धाकटीच म्हणाली, "तू झोपेत बोलायची बंद कधी झालीस?"

"झोपेत?" ताई हसली. "अगं, मी टक्क जागी असायचे. दिवा मालवल्यावर तोंड उघडलं की आई ओरडायची, म्हणून झोपेचं सोंग. झोपेत बरळणारीला कोण ओरडणार?"

धाकटी उठूनच बसली. "मग तू मध्येच थांबायचीस का?"

"तू 'हं' म्हणायची नाहीस. मला वाटायचं, लागला हिचा डोळा. पुढचं कुणाला सांगू, भिंतीला? तुझे सिनेमे बघताना मी मनात म्हणायचे, पोरगी नेमकी इथे झोपली होती."

"मी एकदाही झोपले नव्हते, ताई."

पंखा फिरत राहिला. ताईचा चेहरा हळूहळू उतरला.

"पुढचं होतं गं," ती म्हणाली. "प्रत्येक गोष्टीला होतं. त्या बोटीवाल्या बाईचं तर किती छान होतं. आता नाही आठवत."

धाकटीला रडू आलं. उभ्या जन्मात कुणी तिला इतकं महागाचं काही सांगितलं नव्हतं. लोकांनी ज्याला प्रतिभा म्हटलं, ते दोन पोरींचं एकमेकींना न उठवणं होतं. ती ताईच्या जवळ सरकली आणि सिनेमातल्या दोन बहिणींची हकीकत सांगत सुटली, थेट त्या कोऱ्या पानापर्यंत. ताईने मधे एकदाही तोडलं नाही.

"बरं," ताई म्हणाली. "मग थोरली काय करते, ती दिवसाढवळ्या धाकटीच्या घरी जाते."

"हं," धाकटी म्हणाली.