बिननावाची डबी

धनंजयने पहिली थापड मारली तेव्हा काजलच्या तोंडाला खोबरेल तेल होतं, म्हणून त्याचा हात गालावरून निसटला. त्यामुळे तो जास्तच चिडला. दुसरी थापड त्याने नेम धरून मारली. काजल मोरीच्या दारावर आपटली आणि तिने आधी दोन्ही हात पोटावर घेतले. सहावा महिना होता.

"ताईची क्रीम कोनाले विचारून बंद केली?"

"सावंगीच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं. तुम्हाले आत या म्हटलं, तुम्ही बाहेरच बसले."

"डॉक्टरीन रोज तुह्या तोंडाकडे पायत नाई. मले पाहा लागते."

चेहरा बिघडला होता हे खरं. लग्न होऊन हिंगणघाटला आली तेव्हा काजल सावळी, स्वच्छ कातडीची होती. तिची थोरली नणंद पौर्णिमा दोन घरं सोडून राहायची आणि घरूनच एक पांढरी क्रीम विकायची. डबीवर ना नाव, ना पत्ता. नागपूरहून खोक्याने माल यायचा. कापसाच्या जिनिंगमधली ड्यूटी संपली की धनंजय मोटरसायकलवर तो गावोगावच्या ब्युटीपार्लरांत पोचवायचा. पौर्णिमाने सगळ्यात आधी भावजयीलाच क्रीम लावली. काजल लवकरच उजळली. मग आधीचा आणि नंतरचा असे तिचे दोन फोटो जोडून पौर्णिमाने मोबाइलवर फिरवले. पार समुद्रपूरपर्यंतच्या बायका काजलचा चेहरा बघून डब्या घेऊ लागल्या.

दिवस राहिले आणि गालांवर वांग उठले. पौर्णिमा म्हणाली, दोनदा लाव. दोनदा लावल्यावर कातडी इतकी पातळ झाली की गॅसजवळ उभं राहिलं तरी तोंडाची आग व्हायची. सावंगीला तपासणीला गेली तेव्हा काजलने पिशवीतून डबी काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

"यात काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही. म्हणूनच लावायची नाही," त्या म्हणाल्या. "अशा डब्यांत पारा निघतो, स्टिरॉइड निघतं. पारा कातडीतून रक्तात जातो आणि रक्तातून बाळाकडे."

"मंग काय लावू? महागाचं नाई जमत घरात."

"महागाचं लागतच नाही. साधं खोबरेल, बिनवासाचं. तोंड धुवायला दुधात कालवलेलं बेसन, पण घासायचं नाही. उन्हात ओढणी. वांग बहुतेकींचे बाळंतपणानंतर फिके होतात. ही डबी सोडली की काही दिवस चेहरा आणखी लाल होईल, घाबरू नकोस, दाखवायला ये. आणि हातापायांचे तळवे खाजायला लागले तर मात्र त्याच दिवशी ये."

चेहरा लाल झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत भाजल्यासारखा. थापडा बसल्या त्या याच दिवसांत. सासू नलूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि फोडणीत पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच नलूबाई वाटीत हळद आणि लिंबू कालवून घेऊन आल्या. "डॉक्टरीन देशी लावा म्हनते ना? हे देशीच हाये." काजलला वाटलं, निदान कोणी तरी आपल्या बाजूने बोलतंय. तिने गाल पुढे केला. लिंबू सोललेल्या कातडीत शिरलं तशी ती किंचाळली. नलूबाई घाबरून तांब्याने तिच्या तोंडावर पाणी मारत राहिल्या. "माय व, मले काय ठाऊक," एवढंच म्हणत राहिल्या. त्यानंतर घरगुती असो की दुकानातलं, काजल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मगच तोंडाला.

गल्लीतल्या बायका दारात थांबून तिचा चेहरा बघायच्या आणि पौर्णिमाकडे जाऊन डब्या परत करायच्या. पौर्णिमा रोज येऊ लागली. एकदा तिने खोबरेलाची बाटली नालीत फेकली. काजलने किराण्यातून दुसरी आणली. तीही फेकली. तिसऱ्या वेळी काजलने बाटली सोडली नाही, तेव्हा पौर्णिमाने तिचं मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटून काचा रुतल्या.

"तुह्या या तोंडानं माहा धंदा बसवला. समजते का तुले?"

"माह्या तोंडावरच तर उभा केला होता तुम्ही, ताई."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. झोपाळा टांगला होता, फुलांचे दागिने आले होते. काजलची आई कांता समुद्रपूरहून बसने निघाली होती. हिरवी साडी नेसून काजल आतल्या खोलीत केस विंचरत असताना धनंजय आणि पौर्णिमा आत आले. पौर्णिमाच्या हातात डबी होती.

"आज गावभराच्या बाया येऊन राह्यल्या," धनंजय म्हणाला. "फोटो निघतीन. आजच्या दिवस लाव."

"नाई लावत."

"नखभर लाव म्हटलं."

"नखभर पन नाई. तुमचंच लेकरू हाये हे."

धनंजयने मागून तिचे दोन्ही दंड धरले. काजलने मान फिरवली. पौर्णिमाने तिची वेणी मनगटाला गुंडाळून डोकं मागे ओढलं आणि क्रीमने भरलेला पंजा तिच्या तोंडावर फासला. नाकात, डोळ्यांत, ओठांत. काजलने दारात उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं.

"आई!"

नलूबाईंनी मागे वळून पाहिलं. अंगणात दोघी-तिघी बायका ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. नलूबाई आत आल्या, दार लोटलं आणि कडी लावली.

तेव्हा काजलने तोंडात आलेलं बोट चावलं. दात हाडाला लागेपर्यंत चावलं आणि सोडलं नाही. पौर्णिमा डुकरासारखी ओरडली. क्रीम आणि रक्त काजलच्या हनुवटीवरून हिरव्या साडीवर उतरलं. बहिणीला सोडवायला धनंजयने काजलला सगळ्या ताकदीने ढकललं. ती दिवाणाच्या कडेवर कुशीने आदळली आणि खाली बसली. पोटात कळ गेली. तो पुन्हा अंगावर येताना तिला त्याच्या पायातली चप्पल दिसली, लाथेसाठी उचललेली. दिवाणाखाली भरलेला पितळी तांब्या होता. तिने त्या तांब्याचा गळा धरला आणि तो बसल्या जागेवरून वर फिरवला. भुवईच्या हाडावर बसला. धनंजय भिंतीला टेकून खाली घसरला. काजल उठली आणि दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा नलूबाईंनी कडी काढली.

दारात कांता उभी होती, हातात साडी-खणाची पिशवी. तिने जावयाकडे पाहिलं, पौर्णिमाच्या लोंबणाऱ्या बोटाकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडावर थापलेल्या त्या पांढऱ्या-लाल थराकडे. पिशवी टाकून तिने पदराने लेकीचं तोंड पुसायला घेतलं.

"लेकरू हालून राह्यलं का?"

"समजत नाई, माय. मले काही समजत नाई."

गल्लीतल्या एकाच्या ऑटोतून तिला दवाखान्यात नेलं. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ खरखर ऐकू आली. कांताने भिंतीला कपाळ टेकलं. मग ठोके लागले, घाईघाईचे, एकामागून एक. काजल तेव्हा रडली. कुशीवर निळा-काळा डाग उठला होता, कळा मधूनमधून येत होत्या, म्हणून तिला ठेवून घेतलं.

दवाखान्याने कळवल्यावर पोलीस आले. एक बाई हवालदार होती. धनंजय भुवईला टाके घालून बाहेरच्या बाकावर बसला होता. "तिनंच मारलं," तो म्हणाला. "डोकं फिरलं तिचं. ताईचं बोट पाहा. आईले विचारा, आई तिथंच होती."

हवालदारीण नलूबाईंकडे वळली. नलूबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

"यानं धरलं, माह्या पोरीनं फासलं," त्या हळू म्हणाल्या. "मंग यानं ढकलली. दाराची कडी मी लावली."

"आई!" धनंजय ओरडला आणि उठला. हवालदारणीने त्याला खांद्यावर हात ठेवून परत बसवलं.

डबी तपासायला गेली. पारा निघाला, स्टिरॉइडही निघालं. पौर्णिमाच्या घरातली खोकी पोलिसांनी उचलली. कळा थांबल्या तशी काजल समुद्रपूरला गेली आणि तिथेच राहिली. रोज अंघोळीनंतर कांता तिच्या पोटाला कोमट खोबरेल लावायची. कुशीवरचा डाग जांभळा झाला, पिवळा झाला, गेला. चेहऱ्याची आग हळूहळू कमी झाली, वांग मात्र होते तसेच राहिले. रात्री झोपेत काजल दात आवळायची, इतके की सकाळी जबडा दुखायचा.

मुलगी झाली. सावळी, भरपूर जावळाची. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं की ठीक आहे, तरी काजल तिचे हातपाय हलवून बघायची.

सव्वा महिना झाल्यावर नलूबाई एकट्याच आल्या. कांता दारातच आडवी उभी राहिली.

"इथं कायले आल्या? पाय ठेवू नका."

"बसू दे, माय," काजल आतून म्हणाली.

नलूबाई उंबऱ्याजवळ बसल्या. बाळाकडे बघत राहिल्या, पण हात पुढे केला नाही.

"कडी काऊन लावली, आई?" काजलने विचारलं.

"बाया ऐकतीन म्हनून."

बाळ कुरकुरलं. काजलने तिला खांद्यावर घेतलं.

"कोर्टात सगळेच ऐकतीन," ती म्हणाली. "तारीख लागली की बोलवतीन तुम्हाले. येजा."

नलूबाई चहा न घेताच उठल्या. तारखेला त्या आल्या. धनंजयने रस्त्यात धरून काय काय सांगितलं होतं ते त्यांच्या दंडावरच्या वळांवरून दिसत होतं. पदर पुढे न ओढता त्या उभ्या राहिल्या आणि आवाज चढवून, पहिल्यापासून, थापडांपासून सांगायला लागल्या.