आवराआवर

कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचे पसारा दिसला की हात शिवशिवतात. या स्टोअरकीपरचे जरा जास्तच शिवशिवायचे. निवृत्तीनंतर त्याने घरातले चमचे आकाराप्रमाणे लावले, बुटांच्या नाड्या डबीत गुंडाळून ठेवल्या आणि मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वस्तूचं माहितीपत्रक स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरलं. बायको म्हणायची, मी मेले तर मलाही चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवाल. ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होती. तिचा आवाज कानावर पडला की हमसून रडणारा नातेवाईकही नंबर नीट सांगायचा, असं तिथल्या नर्सेस म्हणायच्या.

त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. हॉस्पिटलमधल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी नऊशे वाक्यांची यादी हातात ठेवली आणि सांगितलं की ऑपरेशनच्या आधी ही वाचून रेकॉर्ड करा; त्यावरून असं यंत्र तयार होईल की तुम्ही जे टाइप कराल ते तुमच्याच आवाजात बोललं जाईल. दोन महिने रोज संध्याकाळी ती घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि घसा ठणकेपर्यंत वाचत राहिली. पाणी जरा गार आहे. किल्ली विसरू नका. मला आज बरं वाटतंय. तेवढा वेळ स्टोअरकीपर पंखा बंद करून, दार लोटून बाहेर बसायचा. खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोकून यायचा.

ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांनी बाईंनी वाक्यं मागवली. बायको पेन ड्राइव्ह घेऊन बसली, पण कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलेला. जागा नाही, जागा नाही, एवढंच त्याचं टुमणं. तिला एकाच नावाची दोन फोल्डर दिसली. एक नक्कल असणार, असं वाटून तिने ते पुसलं आणि जागा व्हावी म्हणून रीसायकल बिनही रिकामं केलं. मग दुसरं उघडलं. त्यात काही नव्हतं.

ती स्वयंपाकघरात येऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि रडायला लागली. रडण्याचा आवाज नाही, म्हणजे नाहीच. मग काय झालं ते तिने वहीत लिहून दाखवलं.

त्याने भाच्याला फोन लावला. हा त्याच्या बहिणीचा मुलगा, चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घालवलेला. तो ऐकून हसलाच. म्हणाला, "मामा, पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. तुमच्या भाषेत सांगतो. खणावरची चिठ्ठी तेवढी निघालीय, माल आत तसाच आहे. परवा येतो आणि काढून देतो."

स्टोअरकीपरचा जीव भांड्यात पडला. बायकोला सांगितलं तेव्हा तिने त्याला दोनदा सांगायला लावलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता मध्ये एक अख्खा दिवस मोकळा होता, आणि मोकळा दिवस या गृहस्थाला कधी मानवला नाही. स्टोअरची तपासणी असली की तो आदल्या दिवशी सगळे खण लावून ठेवायचा, कारण पसाऱ्यात कुणाला काय सापडणार? भाच्यानेच कधीतरी दाखवलं होतं की मशीन गोगलगाय झालं की डीफ्रॅग करायचं. फायलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात, हा प्रोग्रॅम ते गोळा करून ओळीने लावतो. बायकोची वाक्यंही अशीच कुठेतरी तुकड्यातुकड्यांनी पडली असणार. लावून ठेवली तर भाच्याला चटकन हाती लागतील.

सकाळी नऊला त्याने सुरुवात केली. स्क्रीनवर लाल, निळे, पांढरे चौकोन आले. लाल तुकडे एकेक करून पांढऱ्या जागेत जात आणि निळे होऊन रांगेत बसत. त्याने खुर्ची पुढे ओढली. इतकं समाधान त्याला निवृत्तीनंतर कशातच मिळालं नव्हतं. बायको चहा घेऊन आली आणि वहीत लिहिलं, काय करताय? भाच्याचं काम सोपं करतोय, असं त्याने सांगितलं. मग तीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. संध्याकाळी सहाला एकही लाल चौकोन उरला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा आला, मशीनसमोर बसला आणि म्हणाला की हे तर भलतंच चपळ झालंय. स्टोअरकीपरने काय केलं ते सांगितलं. थोडं ऐटीतच सांगितलं.

भाच्याचा हात माऊसवरून खाली आला.

"मामा, डिस्क भरलेली होती. रिकामी जागा होती ती मामींच्या वाक्यांचीच. तुम्ही बाकीचं सगळं उचलून तिच्यावर नेऊन रचलंत."

"तिथे आता काय आहे?"

भाच्याने पाहिलं. इस्त्री, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळी माहितीपत्रकं ओळीने लागली होती.

तरीही त्याने तीन तास जंग जंग पछाडलं. नऊशेपैकी एका वाक्याचा तुकडा मिळाला. "खिडकी लावून घ्या, बाहेर" एवढं तिच्या आवाजात, आणि पुढे नुसती खरखर. आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून धावत आली. भाच्याने पुन्हा लावलं. ती पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. मग त्याने मान हलवली, आणि तिला कळलं.

मामींना काय सांगायचं, असं भाच्याने त्याला डोळ्यांनीच विचारलं. स्टोअरकीपर जमिनीकडे बघत राहिला. तेव्हा भाचा वायरी गुंडाळत, कुणाकडेही न बघता म्हणाला की कधी कधी नाही मिळत परत, आणि चहा न घेता निघून गेला.

तिने वही उघडली. पुष्कळ वेळ लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं.

माझा आवाज मी माझ्याच हाताने घालवला. तुम्ही दोन महिने उकाड्यात बाहेर बसलात आणि मी एका क्षणात सगळं पुसून टाकलं. मला माफ करा.

त्याने दोनदा वाचलं. काल सकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं, ते मी घालवलं, एवढंच बोलायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. ती वही तशीच धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"असू दे," तो म्हणाला. "माणसाकडून चुका होतात."

तिने डोळे पुसले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आभार मानावेत तसा दाबून धरला. त्याने तो काढून घेतला नाही.