टॉलेफसनबाईंच्या वर्गातले टेबल

मी एक जुने अक्रोडाचे टेबल आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा प्रेमळ असतात. मी नाही. मी संतापलेले आहे.

ओहायोतल्या एका लहान गावात कॉलेज निघाले, तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांनीच रंधा मारून मला घडवले. कुणाला मानाची जागा नको, म्हणून लंबगोल केले. माझ्याभोवती काय कडाक्याचे वाद होत! मुले मुठी आपटत, कॉफी सांडत, आणि तास संपला तरी भांडतच जिना उतरत.

पुढे कॉलेजचे विद्यापीठ झाले. शिक्षक घटले, नुसता कारभार बघणारे उपाध्यक्ष वाढले. फी इतकी चढली की विद्यार्थ्याला गिऱ्हाईक म्हणायची कुणाला लाज वाटेना. गिऱ्हाइकाला नापास कोण करणार?

इतिहासाच्या टॉलेफसनबाई करत. एकदा त्यांनी टकर नावाच्या मुलाचा निबंध माझ्यावर ठेवला.

"छान आहे. यातलं एक तरी वाक्य तुझ्या शब्दांत सांग बघू."

टकर पाने उलटू लागला. संगणकाने लिहून दिलेला निबंध त्याने वाचलासुद्धा नव्हता. बाईंनी त्याला नापास केले.

डीन मर्सर धावतच आले. "अहो बाई, त्याच्या वडिलांनी आपल्याला पोहण्याचा तलाव बांधून दिलाय!"

"मग पोहण्यात पास करा की त्याला."

"थट्टा पुरे. एक शेरा तर बदलायचाय."

"मी असेपर्यंत नाही."

मग बाईच राहिल्या नाहीत. त्यांचा विषय बंद करून त्यांना घरी बसवले. म्हणे मागणी नाही. टकर पास झाला. आणि मला घासूनपुसून, चकाचक पॉलिश करून अध्यक्षांच्या दालनात नेले. आता माझ्यावर कोळंबीच्या बश्या मांडतात, 'गुणवत्ता' या विषयावर बैठका घेतात, आणि सगळे एकमेकांकडे बघून माना डोलावतात. जळो तो मान!

अशाच एका बैठकीत टकर आत शिरला. त्याचे वडील डीन मर्सरांच्या शेजारीच बसले होते.

"सर, मला पास केलंत ते रद्द करा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मर्सर हसले.

"बाई चर्चच्या तळघरात शिकवतात. आम्ही काही जण जातो. थंडीनं बोटं वळत नाहीत तिथं, शेगडीत घालायला लाकडंही नाहीत. परवा मी एक पान लिहिलं, माझं मी. बाई म्हणाल्या, भिकार आहे, पण तुझं आहे."

वडिलांनी मान वर केली नाही. "बस. कोळंबी घे."

टकर उभ्या उभ्याच निघून गेला. बैठक पुढे चालू झाली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. या खुर्च्यांवरून उपाध्यक्षांना उठवा आणि शिकवणाऱ्यांना बसवा. मुलांना वाद घालू द्या, चुकू द्या, नापासही होऊ द्या. तेवढे होत नसेल, तर कुऱ्हाड आणा, माझे तुकडे करा आणि त्या तळघरातल्या शेगडीत घाला. वाचणाऱ्यांची बोटे तरी शेकतील.