इर्जिकीची भाकर

नवऱ्याला, भिवाजीला, धरून नेलं त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि वच्छलाच्या तीन एकर कपाशीत हराळी गुडघ्याला लागली होती. एकटी वच्छला दिवसभरात जेमतेम चार ओळी निंदायची; पाचवी धरेपर्यंत पहिलीत केना पुन्हा डोकं काढायचा. आणखी आठ दिवसांत पीक हातचं जाणार, हे तिला दिसत होतं.

आणीबाणीचं शहात्तर साल होतं. नसबंदीच्या शिबिरासाठी गावाकडून वीस नावं मागितली होती. यादीत सतरा नावं बौद्ध वस्तीतली होती आणि उरलेल्या तिघांत गावातल्या आळीतल्या मनकर्णाबाईचा मुलगा शालिग्राम. चावडीसमोर भिवाजी एवढंच म्हणाला, "आमचीच नावं काहून? अन् त्या शालिग्रामच्या लग्नाले तं वर्षबी नाई झालं." दुसऱ्या दिवशी पोलिसांची जीप आली आणि त्याला घेऊन गेली.

एका संध्याकाळी मनकर्णाबाई वस्तीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"सोमवारी इर्जिक घालू तुह्या वावरात. आमच्या आळीतल्या येतीन, तांड्यावरची जमनाबाई तिच्या बाया घेऊन येते."

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं वावर उरकायचं. मजुरी नाही, दुपारी धन्यानं जेवू घालायचं. वस्तीतल्या कुणाच्या वावरात गावानं इर्जिक कधी घातली नव्हती, ती या जेवणापायीच.

"किती जणी, बाई? पीठ तेवढं भिजवतो."

मनकर्णाबाईनं खाली पाहिलं. "तुमच्या धरून चोवीस. पण शिदोरी आमची आमी आणू."

"मंग ती इर्जिक नाई. तो धरम झाला."

"तुले वावर पायजे का भांडण?"

वच्छलानं मान डोलावली. वावर पाहिजेच होतं.

तरी सोमवारी पहाटे तिनं चोवीस जणींच्या भाकरी थापल्या. शेजारची चंपाबाई पीठ देता देता म्हणाली, "कोण खाईन वं त्या? कावळे?"

"उरल्या तं आपून खाऊ. तीन दिवस."

बाया आल्या. प्रत्येकीनं आपापली पात, निंदायची ओळ, धरली. दुपारपर्यंत अर्धं वावर काळंभोर दिसू लागलं. मग बाभळीच्या सावलीत तीन टोळ्या बसल्या: आळीतल्या, तांड्यावरच्या, वस्तीतल्या. जिच्या तिच्या शिदोऱ्या सुटल्या. वच्छलाचं टोपलं बांधावर ओल्या फडक्याखाली तसंच होतं.

तेवढ्यात सायकलवरून पोलीस शिपाई आला.

"पाचाच्या वर माणसं जमाले बंदी हाय. तुमी किती?" त्यानं बोटानं मोजलं. "चोवीस!"

"गवतबी मोज ना, दादा," जमनाबाई म्हणाली. "ते आमच्याहून जास्त जमलं हाय."

"भिवाजीसाठी सभा भरवली का?"

"इर्जिक हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

शिपाई किन्हीराजा गावाकडचा, शेतकऱ्याचाच पोरगा. त्यानं तिन्ही टोळ्यांवरून नजर फिरवली. "मले शिकवता का? इर्जिकीत धन्याची भाकर खातात. तुमी तं आपापली शिदोरी सोडून बसल्या. ही सभाच हाय. चला, नावं सांगा."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. अर्धं वावर अजून हिरवं होतं. आज या उठल्या तर पुन्हा यायच्या नाहीत, हे वच्छलाला कळत होतं.

मनकर्णाबाईनं आपल्या शिदोरीची गाठ पुन्हा बांधली. चालली ही, वच्छलाच्या मनात आलं. पण मनकर्णाबाई बांधाकडे गेली आणि टोपल्यापाशी खाली बसली.

"वच्छले, कवाच्या भुकेजलो आमी. वाढ ना वं."

वच्छलानं भाकरीवर अंबाडीची भाजी घातली. रोजच्या सवयीनं, शिवाशिव नको म्हणून, ती भाकर वरून सोडणार होती, पण मनकर्णाबाईचा हात वर आला आणि तिच्या बोटांना लागला. मनकर्णाबाईनं घास तोडला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय."

"चोवीस जणींचं मीठ मी कदी घातलं होतं?"

जमनाबाई मोठ्यानं हसली आणि उठून आली. मग बाकीच्या आल्या. आळीतल्या दोघी उठल्या नाहीत. त्यांनी पाठ फिरवून आपली शिदोरी संपवली.

"बस, दादा. घास खा," मनकर्णाबाई म्हणाली.

"ड्युटीवर हाय मी." शिपायानं वहीत लिहिलं, 'इर्जिक. निंदण चालू.' आणि सायकल वळवली.

दिवस मावळता मावळता नाल्याकडची शेवटची ओळ झाली. पाठ फिरवलेल्या दोघी शेवटपर्यंत आपापल्या पातीवर होत्या.

निघताना मनकर्णाबाई म्हणाली, "गुरुवारी आमची तूर हाय. येजो."

"येतो. शिदोरी आणू का?"

मनकर्णाबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणून तं पाय!"