ट्रेडमिलच्या बदल्यात बंदूक

हेमचंद्र राजाध्यक्ष हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत परचेस मॅनेजर होते. समोरच्याला गुंडाळण्यात आपला हात कुणी धरणार नाही, हे ते शारजातल्या प्रत्येक मराठी घरात जेवताना सांगून आले होते. त्यामुळे सुजीत कर्णिकच्या हॉलमध्ये ती जुनी बंदूक पाहिल्यावर ती विकत घेण्याचा विचारही त्यांना शिवला नाही. पैसे मोजून काय, कुणीही घेईल!

बंदूक मार्टिनी-हेन्री होती, इंग्रजी फौजेतली जुनी रायफल. एका जुन्या व्हिलाचं काम चालू असताना सुजीतला ती भंगारात मिळाली होती. दस्त्याला उभी चीर, चिरेवर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि खालचा खटका लुळा पडलेला.

"आमच्याकडे सरदारकी होती रे," हेमचंद्र हळवे होऊन म्हणाले. "तू ही मला दे, माझी ट्रेडमिल घेऊन जा. जर्मन मोटर आहे. सहा महिनेसुद्धा वापरलेली नाही."

वापरणार कशी? सहाव्या महिन्यात मोटर जळली होती. डिस्प्लेवरचे हिरवे आकडे तेवढे अजून लागत.

"हिचं काय, एक स्प्रिंग टाकली की झालं," सुजीत म्हणाला. दोन मेकॅनिकांनी बंदुकीकडे बघून हात वर केल्याचं तो विसरला. सौदा झाला, पिकअप आला, आणि त्या संध्याकाळी दोघांनीही आपापल्या बायकोला समोरच्याला कसं बनवलं ते रंगवून सांगितलं.

"एक बंद पडलेली वस्तू देऊन दुसरी बंद पडलेली आणलीत," हेमचंद्रांची बायको वासंती म्हणाली. "ट्रेडमिलवर निदान टॉवेल तरी वाळायचे."

हेमचंद्रांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बंदुकीचा फोटो गेला. 'अशीच बंदूक घेऊन आमचे खापरपणजोबा खडकीला इंग्रजांशी लढले.' आठवडाभरात 'अशीच'ची 'हीच' झाली.

कॉलेजात जाणारी अस्मी बंदुकीवर वाकून बघत होती. "बाबा, इट सेज एटीन एटी-फोर. खडकी वॉज एटीन सेव्हन्टीन. अँड धिस इज क्वीन व्हिक्टोरियाज क्राउन."

"नंतर कुणीतरी छाप मारली असेल. तुम्हाला शाळेत आपला इतिहास शिकवतच नाहीत!"

ग्रुपवर सुजीत गप्प होता. ट्रेडमिल चालत नाही म्हणायचं, तर आपण फसलो हेही म्हणावं लागलं असतं.

आता बंदूक चालती करायची होती. वासंतीच्या योगा मॅटमध्ये गुंडाळून हेमचंद्रांनी ती इंडस्ट्रियल एरियात तिजोऱ्या दुरुस्त करणाऱ्या झरीन उस्तादकडे नेली. उस्तादने ती चार दिवस रॉकेलमध्ये मुरवली आणि फोन करून त्यांना दुकानात बोलावलं.

"साहब, अंदर से पक्की निकली. स्प्रिंग डाल दूँ तो गोली चलाएगी."

"असली है ना?" हेमचंद्रांची छाती फुगली.

"सौ टका असली. कागज़ दिखाओ, अभी डाल देता हूँ."

"कैसा कागज़?"

"लाइसन्स, साहब. बंदूक है, कुकर थोड़ी है." हेमचंद्रांचा चेहरा बघून उस्तादने ती घाईघाईने मॅटमध्ये गुंडाळली. "यल्ला, ले जाओ. आप यहाँ आए नहीं, मैंने देखी नहीं."

हेमचंद्रांची पाचावर धारण बसली. परतताना सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी थांबली. ते पोलिसाकडे बघून हसले, आणि सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवू लागले तरी हसतच राहिले.

शनिवारी बारा जण खास बंदूक बघायला मिसळीवर येणार होते. ते रद्द करावं, तर कारण काय सांगावं? मंडळी आली. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीकडे बघून कुणीतरी वा वा म्हणताच हेमचंद्र घाईने म्हणाले, "खोटी आहे हो. शोभेची. घाऊक बनवतात अशा."

"आणि तुमचे खापरपणजोबा?"

"ते... ते कारकून होते."

महिनाभर तोंड मिटून बसलेल्या सुजीतला हे सहन झालं नाही. "खोटी? मी तुला खोटी बंदूक दिली? शंभर टक्के असली आहे ती!"

"असली आहे ना? मग घेऊन जा परत. आत्ता. मी लिफ्टपर्यंत आणून देतो. फक्त लायसन्स आहे का तुझ्याकडे?"

सुजीतचा पावाचा घास हातातच राहिला. "नाही म्हणजे... तू म्हणतोस, तर खोटीच असेल."

वासंती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्र अंघोळीला गेल्यावर तिने पोलिसांना फोन लावला आणि आहे ते सगळं सांगितलं. दुपारी एक तरुण अधिकारी आला. त्याने हातमोजे घालून बंदूक उचलली, तारेच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. आपल्या आजोबांकडे अशीच होती, म्हणाला.

"रिअल ऑर फेक, सर?" त्याने फॉर्म काढून विचारलं.

हेमचंद्रांनी पंख्याकडे पाहिलं.

"रिअल," वासंती म्हणाली.

स्वतःहून कळवल्याबद्दल अधिकाऱ्याने आभार मानले, पावती दिली आणि बंदूक नेली. हेमचंद्र दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मंडळाचं जेवण होतं. बंदुकीचं काय झालं, असं कुणीतरी विचारलंच. हेमचंद्रांनी आधी एक उसासा टाकला.

"सरकारनंच मागून घेतली हो. ऑफिसर स्वतः घरी आला. म्हणाला, सर, ही चीज खाजगी घरात राहता कामा नये. मी म्हटलं, खलास, हबीबी, देशाला अर्पण."

वासंतीने त्यांच्या पानात आणखी दोन पुऱ्या वाढल्या. तोंड तेवढा वेळ तरी भरलेलं राहील.