मागे पडणारं पातं

बसऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या कंपनांवर लक्ष ठेवणं हे रबाबचं काम. यंत्राच्या आवरणात बसवलेले सेन्सर फिरत्या पात्यांची जणू हजेरीच घेत. धडधाकट पातं वेळेवर समोरून जाई. तडा गेलेलं मात्र वेगळंच थरथरे, आणि डोळ्याला कधी दिसणार नाही इतकं मागे पडे. त्या ऑगस्टमध्ये एक पातं मागे पडायला लागलं, आणि रोज जरा जास्तच.

"नवरदेव उशिरा पोचला म्हणून लग्नच मोडायचं?" केंद्रप्रमुख अबू मुहन्नद म्हणाले.

"हा नवरदेव तुटला तर सगळी वरात कापून काढेल, उस्ताद."

अबू मुहन्नद हसले नाहीत. बाहेर ऊन नुसती आग ओकत होतं आणि अर्धं शहर त्या एका यंत्राच्या जिवावर होतं. शेवटी पाळीप्रमुख फालिह मध्ये पडला. रबाबला तो मानाने सित्त, म्हणजे बाई, म्हणे. "सित्त रबाब म्हणते ना तडा आहे? मग माझी माणसं तिकडे फिरकणार नाहीत. तुमचे मेहुणे रिकामेच आहेत, त्यांना पाठवा."

यंत्र बंद झालं. निवल्यावर उघडलं. पात्याला लाल रंग लावून पुसला, तर बुडाशी केसाएवढी रेघ लालच राहिली. रबाबचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याने कुणाचंच भलं झालं नाही. नवी पाती परदेशातून यायची होती आणि ती कधी येतील हे कुणीच सांगेना. फाटकाबाहेर टायर पेटले. एकाने रबाबच्या गाडीवर चप्पल भिरकावली.

घरी तिचे वडील. जन्मभर बंदरावर सिमेंटची पोती उतरवून त्यांची छाती पार निकामी झालेली. गल्लीतलं जनरेटर सारखं मान टाकायचं. भर दुपारी ती ओली चादर त्यांच्या अंगावर टाकायची आणि झावळीच्या पंख्याने वारा घालत बसायची.

"वीज कधी येणार गं, पोरी?"

"येईल, बाबा."

"तुम्हीच बंद केलीत म्हणतात लोक."

ती पंखा हलवत राहिली.

मग वरून हुकूम आला: तेच पातं ठेवा, यंत्र सुरू करा. अबू मुहन्नदांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "कमी भारावर चालवू. तू फक्त नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणालीस तर फालिह हटून बसेल."

फालिह दारातच उभा होता. त्याने सरळ तिलाच विचारलं, "सित्त, टिकेल का?"

तिच्या कानात बाबांचा घरघरणारा श्वास होता. "कमी भारावर... टिकेल थोडे दिवस," ती म्हणाली.

"तू म्हणतेस ना? झालं तर मग."

त्या दिवशी घरोघरी पंखे फिरले. बायकांनी सज्जांतून जीभ हलवत आनंदाची हलाहिल केली. बाबा गाढ झोपले. रबाबने पडद्यावर पाहिलं: ते पातं पहिल्यापेक्षाही मागे पडत होतं. तिने अबू मुहन्नदांना सांगितलं. त्यांनी वर कळवलं. वरून उलट भार वाढवायलाच सांगण्यात आलं.

शुक्रवारच्या नमाजाआधी पातं तुटलं. पाठोपाठची पाती भुगा झाली, आवरण फाटलं. तेलाची गळती बघायला फालिह आत गेला होता. हाताखालच्या पोरांना त्याने बाहेरच ठेवलं होतं.

फालिहच्या फातिहाच्या, शोकाच्या बैठकीत त्याची बायको सुंदुस भिंतीला टेकून बसली होती. रबाब तिचा हात हातात घेऊन तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. वीज नव्हती, खोलीत श्वास कोंडत होता.

"ते म्हणायचे, तुला आधीच कळतं," सुंदुस म्हणाली. "या खेपेला कळलं नव्हतं का गं?"

"कळलं होतं," रबाब म्हणाली.

सुंदुसने तिच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला. दुसऱ्या बायका आल्या तशी ती त्यांच्याकडे वळली.

रबाब घरी आली तेव्हा बाबा घामाने भिजून दाराकडे डोळे लावून बसले होते. तिने चादर ओली केली.