फुलांच्या चादरीचा कायदा

पहिली सुलताना, तिची मुलगी अंबर, अंबरची मुलगी नारंज, आणि नारंजची मुलगी आमची मशमूम. नाबुल शहरातल्या आमच्या गल्लीत कित्येकांना स्वतःच्या पणजीचे नाव सांगता येत नाही. माझ्या मांजरीची वंशावळ मात्र मी झोपेतही म्हणून दाखवीन.

या घराण्याची मूळ स्त्री सुलताना वास्तविक माझी नव्हतीच. ती भिंतीपलीकडच्या दलंदाची. पंधरा वर्षांपूर्वीच्या वसंतात कडू नारिंगांची फुले खुडून मी अंगणातल्या सावलीत पांढऱ्या चादरीवर पसरली होती. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या कत्तारात घालून त्यांचे सुगंधी पाणी काढायचे होते. सकाळी पाहते तो फुलांच्या मधोमध सुलताना, आणि तिला बिलगलेली तीन पिल्ले! वर्षाची फुले गेली. मी ओरडून गल्ली गोळा केली आणि तिथल्या तिथे कायदा केला : "माझ्या चादरीवर जन्मलं ते माझं!"

दलंदा भिंतीवरून म्हणाली, "ठेव. पण तीन पिल्लं तुझ्याकडे उसनी राहिली, बेया."

पिल्ले मोठी झाल्यावर मी सुलतानाला परत धाडले, पिल्लांना नाही. पुढे सुलताना गेली. दलंदाने हट्टाने दुसरे मांजर आणले नाही. दर वसंतात ती विचारी, "माझी तीन?" आणि दर वसंतात मी तिला कायदा ऐकवी.

यंदा मशमूम पुन्हा गाभण राहिली. हे तिचे शेवटचे बाळंतपण, असे डॉक्टरांनी बजावले होते. या खेपेचे एक तरी पिल्लू राहिले नाही, तर सुलतानाचा वंश माझ्या घरातून संपणार होता. म्हणून मी जातीने बंदोबस्त केला. टोपलीत आमच्या यजमानांचा लोकरी झगा, त्यांचा बर्नूस, अंथरला. फुले वरच्या खोलीत कुलपात ठेवली. नात उमैमा हिला पहाऱ्यावर बसवले.

सकाळी कत्तार चुलीवर चढले. झाकणाच्या फटी मी कणकेने लिंपल्या, पाण्याचा पहिला थेंब बाटलीत पडला, आणि उमैमाही तो पाहायला धावली. तेवढ्यात टोपली रिकामी झाली.

घरभर शोधाशोध झाली. दुपारी भिंतीपलीकडून हसू ऐकू आले.

"अगं बेया, जरा स्टुलावर चढ. तुला गंमत दाखवते."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी स्टुलावर चढत नसते. त्या दिवशी चढले. दलंदाच्या अंगणात पांढरी चादर, तिच्यावर नारिंगाच्या फुलांचा ढीग, आणि ढिगात मशमूम. न कळवता आलेल्या पाहुणीकडे पाहावे, तशी ती माझ्याकडे पाहत होती. शेजारी तीन पिल्ले : दोन करडी, एक सोनेरी.

"माझ्या मांजरीची पिल्लं आहेत ती," मी म्हणाले.

"नाही कोण म्हणतंय? पण चादर कुणाची?"

खालून उमैमाने विचारले, "आजी, तो कायदा काय होता गं?"

"तू स्टूल धर. तोंड चालवू नकोस."

तो कायदा त्या एका वर्षापुरताच होता, असे वाक्य मी मनात जुळवले होते. कारण दुसरे काही नाही. ते सोनेरी पिल्लू हुबेहूब नारंजसारखे होते. पण दलंदाने वाकून दुधाची बशी मशमूमपुढे सरकवली. निळी, कडेला टवका उडालेली. सुलतानाची बशी! पंधरा वर्षे जपलेली. मी खाली उतरले.

केस सारखे केले, अंगावर सफसारी घेतली, पहिल्या पाण्याची बाटली उचलली आणि गल्लीतून फिरून दलंदाच्या दारावर रीतसर थाप मारली.

"फुलं गेली ना तुझी?" मी विचारले.

"गेली तर गेली. मी काय तुझ्यासारखी गल्ली गोळा करतेय?"

"दूध तुटेपर्यंत मशमूम इथेच राहील. मी रोज येऊन पाहीन तिला. आता मोजून घे. तीन."

दलंदाने खरोखर बोट लावून मोजली. "तीन. आणि पंधरा वर्षं वाट पाहायला लावलीस, त्याचं काय?"

मी बाटली तिच्या हातात ठेवली. तिने बूच काढून वास घेतला, डोळे मिटले, आणि नाइलाज झाल्यासारखी मान हलवली.

"फिटलं?" मी विचारले.

"फिटलं बाई, सगळं फिटलं. बस आता, कॉफी टाकते."